शब्दांची उचल आणि कलावंताची दाद

बालाघाटाच्या रांगांतील पाटोदा तालुक्यात 'फड' हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो उसाचा फड. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे गाळपाचा हंगाम संपला म्हणजे गावी परततात. आणि त्याच सुमारास, चैत्र-वैशाखातील जत्रांना, दुसरा एक फड गावोगाव हिंडत असतो. तो तमाशाचा. नाव एक, व्यवसाय निराळे. परंतु दोहोंचा जमाखर्च एकाच शब्दाने सुरू होतो. मजूर मुकादमाकडून उचल घेतो, कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, आणि पुढचा सारा हंगाम ती फेडण्यात जातो.

माणसांप्रमाणे भाषाही उचल घेते. तमाशाच्या तंबूत शिरून तेथील शब्दांची झडती घेतली, तर हे सहज दिसून येईल. भोवती बांधलेली कनात तुर्की आहे. 'तमाशा' अरबीत जन्मला आणि फारसीत 'पाहण्याजोगा देखावा' या अर्थाने रुळून इकडे आला. 'शाहीर' म्हणजे अरबीतला शाइर, अर्थात कवी. डफ अरबी, मुजरा अरबी, सवाल-जवाबही अरबी. दारावर फाडले जाणारे तिकीट इंग्रजांनी दिले असे आपण समजतो. पण त्यांनीही ते फ्रेंचांकडून घेतले होते. शिष्टाचाराला इंग्रजीत जो 'एटिकेट' शब्द आहे तो आणि आपले तिकीट ही एकाच फ्रेंच शब्दाची दोन अपत्ये होत. आणि या साऱ्या पाहुण्यांच्या मधोमध गण, गवळण, बतावणी, वग, ढोलकी, तुणतुणे ही घरची मंडळी निर्धास्त बसलेली आहेत. रात्रभर चाललेल्या खेळात कोणाला कोणाचा विटाळ होत नाही.

विटाळ होतो तो दुसऱ्या दिवशी, शाळेत. विद्यार्थ्याने निबंधात बोलीतला एखादा शब्द लिहिला, की तांबड्या शाईने त्याखाली रेघ ओढली जाते. ज्या शाईने ती ओढली जाते ती 'शाई' आणि ज्या कागदावर ओढली जाते तो 'कागद' हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले आहेत. शाळेचा पत्ता लिहावयाचा तर 'तालुका पाटोदा, जिल्हा बीड' असेच लिहावे लागते; तालुका आणि जिल्हा, दोन्ही अरबी. मग शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण? हा वाद जुना आहे. तथापि तो केवळ व्याकरणाचा समजून सोडवू गेल्यास सुटत नाही, कारण त्याचे मूळ अर्थव्यवहारात आहे. कलेच्या क्षेत्रात तर ते विशेष स्पष्ट दिसते.

इंग्रजीचा धडा

ज्या इंग्रजीचा आज जगभर दबदबा आहे, तिचा कलाविषयक शब्दसंग्रह पाहिला तर निम्मे घर फ्रेंचांच्या सामानाने भरलेले आढळते. १०६६ साली नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील तीन शतके तेथील दरबाराची, न्यायालयांची आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्याची भाषा फ्रेंच होती. त्या काळात आर्ट, म्यूझिक, डान्स, पोएट, कलर, पेन्ट, इमेज, स्टोरी, रोमान्स, ब्यूटी हे शब्द इंग्रजीत आले. तत्पूर्वी इंग्रजांना कवी नव्हते असे नाही. सरदाराच्या वाड्यात वीरगीते गाणाऱ्या भाटाला त्यांच्या जुन्या भाषेत 'स्कॉप' म्हणत. स्कॉपला पोसणारा सरदार गेला, त्याच्या जागी फ्रेंच बोलणारा सरदार आला, आणि स्कॉप या शब्दाचाही आश्रय तुटला.

परंतु सारेच शब्द गेले नाहीत. सॉंग, सिंग, प्ले, हार्प हे घरचे शब्द टिकून राहिले. सर वॉल्टर स्कॉटने १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडून असेच एक मार्मिक निरीक्षण मांडले आहे. जनावर जोवर गोठ्यात असते तोवर त्याचे नाव सॅक्सन. ते शिजून मालकाच्या ताटात आले की नाव फ्रेंच. राखणारा एक आणि खाणारा दुसरा, हा भेद भाषेने जसाच्या तसा टिपला. कलेतही तेच घडले. जे लोक आपल्या अंगणात, आपल्यासाठी करीत होते, त्याचे नाव लोकांचे राहिले. ज्यासाठी दरबारातून पैसा मिळू लागला, त्याला पैसा देणाराची भाषा चिकटली.

पुढे राजे बदलले, पण नियम बदलला नाही. १६६१ साली चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली. त्यामुळे बॅलेतील पदन्यासांची नावे आजही मॉस्कोपासून मुंबईपर्यंत फ्रेंचमध्येच उच्चारली जातात. संगीत नाटकाचे वैभव इटलीत वाढले, म्हणून 'ऑपेरा' आणि 'पियानो' हे शब्द इटालियन. तेथे इंग्रज आणि फ्रेंच दोघेही ऋणको. पुढेही मॅटिनी, प्रीमियर, कोलाज, मोन्ताज, जॉनर असे शब्द फ्रेंचांकडून येतच राहिले. इंग्रजी यामुळे दुबळी झाली असे कोणी म्हणेल काय? उलट, १३६२ साली कायदा करून न्यायालयात इंग्रजी आणली गेली, तेव्हा राज्य फ्रेंचचे राहिले नाही, पण फ्रेंच शब्द मात्र घरचे होऊन राहिले.

येथे एक अर्थशास्त्रीय गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. रुपयाची उचल घेतली तर घेणाराच्या डोक्यावर कर्ज चढते आणि देणाराची थैली हलकी होते. शब्दाच्या उचलीत दोन्ही गोष्टी होत नाहीत. देणाराजवळचा शब्द कमी होत नाही, घेणाराला तो परत करावा लागत नाही. व्याज तर नाहीच. किंबहुना घेणारा त्याला आपल्या मर्जीप्रमाणे वळवतो. नाट्यगृहात एखादे गाणे रंगले की इंग्रज प्रेक्षक 'आँकोर' असे फ्रेंच ओरडतात. फ्रेंच प्रेक्षक स्वतः मात्र त्या जागी 'बिस' असे लॅटिन ओरडतात. आणि मराठी संगीत नाटकाचा रसिक 'वन्स मोअर' असे इंग्रजी ओरडत आला आहे, जे इंग्रज त्या प्रसंगी म्हणत नाहीत. प्रत्येकाने शेजाऱ्याचा शब्द घेतला आणि स्वतःचा रिवाज निर्माण केला.

दरबार, छावणी आणि देऊळ

मराठीची कहाणी याहून निराळी नाही. बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांची आणि कचेऱ्यांची भाषा फारसी होती. ज्या कलेला दरबाराचा आश्रय लाभला तिच्या अंगावर फारसी-अरबी शब्दांचे दागिने चढले: मैफल, साज, तबला, सनई, ख्याल, तराणा, नक्षी, तसबीर. ज्या कला घरात, शेतात आणि पंढरीच्या वाटेवर वाढल्या, त्यांचे शब्द मात्र मायबोलीचे राहिले: ओवी, भारूड, गोंधळ, दिंडी, टाळ, वीणा. तमाशा या दोहोंच्या सीमेवर, फौजांच्या छावण्यांच्या आश्रयाने वाढला असे अभ्यासक मानतात. म्हणून त्याच्यात दोन्ही घरचे शब्द आहेत. इतकेच काय, देवळाच्या दारावर जेथे चौघडा वाजतो त्या जागेला आपण 'नगारखाना' म्हणतो. देवाच्या दारात अरबी नगारा आणि फारसी खाना शतकानुशतके एकत्र नांदले, आणि देवाने त्यांना कधी हाकलले नाही.

मराठवाड्यात ही सरमिसळ अधिक गडद का, याचेही कारण इतिहासात आहे. पुण्यात पेशवाई १८१८ साली संपली आणि इंग्रजी अंमल आला. बीड जिल्हा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील राज्यकारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच होते. पाटोद्याच्या आजोबांच्या पिढीने शाळेत आणि कचेरीत जे ऐकले ते तिच्या बोलण्यात उतरले. हा अपराध नव्हे. तो भाषेत उरलेला इतिहास आहे. त्या राजवटीविरुद्ध लढलेल्या माणसांच्या तोंडीही हेच शब्द होते, हे विसरता कामा नये.

आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. मराठ्यांचे राज्य जेथे गेले, तेथे मराठी ही देणारी झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला स्थापन केलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. तेथील दरबाराच्या आश्रयाने मराठी कीर्तनपद्धती तमिळ प्रदेशात रुजली, आणि तमिळ हरिकथेत ओवी, अभंग, साकी, दिंडी ही नावे कायमची जाऊन बसली. तंजावरच्या रसिकाने साकीला परकीय म्हणून दाराबाहेर उभे केले नाही. मग डफाला आपण का करावे?

शुद्धीकरणाचा हिशोब

याचा अर्थ भाषाशुद्धीचे सारे प्रयत्न व्यर्थ होते असा नव्हे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश सिद्ध झाला. सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेले आहेत. नवे राज्य उभे करणाऱ्या राजाला आपला कारभार आपल्या भाषेत हवा होता, ही दृष्टी मोठी होती. सचिव, अमात्य, मंत्री, सेनापती हे शब्द आजही आपण वापरतो. परंतु त्याच अष्टप्रधानांतला पहिला मान 'मुख्य प्रधान' या नावाने नव्हे, तर 'पेशवा' या फारसी नावानेच इतिहासात गाजला. छत्रपतींच्या आज्ञेलाही जेथे लोकांच्या जिभेपुढे थोडे थांबावे लागले, तेथे इतरांचा पाड काय?

विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ही चळवळ पुन्हा हाती घेतली. 'चित्रपट' आणि 'दिग्दर्शक' हे त्यांनी दिलेले शब्द आज खेड्यातल्या पोराच्याही तोंडी आहेत. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले माधव जूलियन हे तर फारसीचे पंडित. १९२५ साली त्यांनी फार्सी-मराठी कोश सिद्ध केला होता. पण मराठीत ज्या काव्यप्रकाराची त्यांनी प्रतिष्ठापना केली, त्याला दुसरे नाव देणे त्यांनाही जमले नाही. १९३३ साली निघालेल्या त्यांच्या संग्रहाचे नाव 'गज्जलांजलि'. फारसी गजलेला संस्कृत अंजली जोडून त्यांनी जणू दोन्ही पक्षांत तहच घडवून आणला.

इंग्लंडातही असा प्रयत्न झाला होता. विल्यम बार्न्स या डॉर्सेटच्या कवीने एकोणिसाव्या शतकात फ्रेंच-लॅटिन शब्द काढून सॅक्सन शब्द घडविण्याचा ध्यास घेतला होता. छायाचित्राला 'सूर्याचा ठसा' अशा अर्थाचा शब्द त्याने सुचविला; तो कोणी घेतला नाही. परंतु १८४६ साली विल्यम थॉम्सने सुचविलेला 'फोकलोअर' हा शुद्ध सॅक्सन शब्द मात्र जगभर गेला.

या यशापयशाच्या ताळेबंदातून एक सूत्र हाती लागते. जी वस्तू वा जो विचार नव्याने आला आहे आणि ज्याचे नाव अद्याप लोकांच्या जिभेवर बसलेले नाही, त्याला दिलेले स्वभाषेतले नाव रुजू शकते; चित्रपट असे रुजला, फोकलोअर असे रुजले. परंतु जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या हातात वागविला गेला आहे, त्याची हकालपट्टी फर्मानाने होत नाही. नव्या घरावर पाटी लावता येते. वस्तीच्या घराची पाटी बदलली तरी पत्ता जुन्याच नावाने विचारला जातो.

पेटीची कथा या दृष्टीने बोलकी आहे. हार्मोनियम हे वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबें या कारागिराने सिद्ध केले. ते परकीय आहे, भारतीय स्वरांना न्याय देत नाही, असे म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये त्याला बंदी केली. ती १९७१ पर्यंत टिकली. या तीन दशकांत खेडोपाडीच्या भजनी मंडळांनी काय केले? त्यांनी वाद्यही सोडले नाही आणि त्याच्या नावाचा बाऊही केला नाही. त्यांनी त्याला 'पेटी' म्हटले, आणि फ्रेंच वाद्य पाटोद्याचे झाले. विद्वानांची समिती न नेमता झालेले हे नामकरण आहे.

नाव बदलले, नशीब?

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. शब्दांच्या शुद्धाशुद्धतेवर आपण जितकी शक्ती वेचतो, त्याच्या दशांशही ती शब्द वागविणाऱ्या माणसावर वेचतो काय? तमाशाचेच उदाहरण पाहावे. व्यवहारात 'तमाशा करू नकोस' हा वाक्प्रचार निंदेचा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात तमाशावर सरकारी निर्बंध आले. अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या प्रतिभावंताने ही कला श्रमिकांच्या प्रश्नांशी जोडली, आणि 'लोकनाट्य' हे प्रतिष्ठित नाव रूढ झाले. त्या नावाने पांढरपेशा प्रेक्षकाला नाट्यगृहात येण्याचा संकोच उरला नाही, हा त्याचा मोठाच लाभ. पण जत्रेत कनात बांधणाऱ्या फडाची उचल त्यामुळे कमी झाली नाही. शब्दाला मान मिळाला. माणूस होता तेथेच राहिला.

'बिदागी' आणि 'मानधन' या दोन शब्दांचेही असेच आहे. बिदागी कमी असेल, पण ती खेळ संपल्यावर हातावर पडे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे, आणि ती असणे हे राज्याला भूषणावह आहे. तथापि ज्याने आयुष्यभर तुणतुणे धरले, त्याला आपण कलावंत असल्याचे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. आणि तुणतुण्याचे प्रमाणपत्र कोण देणार? शुद्ध संस्कृत शब्दाचा मान मोठा खरा, पण धन हाती येईपर्यंत म्हातारपण कोणासाठी थांबत नाही.

ज्याला शब्दांचे खरे अगत्य आहे, त्याने आणखी एका गोष्टीकडे पाहावे. आज मराठीच्या कलाशब्दांना धोका डफाच्या अरबी कुळाचा नाही. डफ वाजविणारा नाहीसा होण्याचा आहे. कार्यक्रमाला 'इव्हेंट', खेळाला 'शो' आणि कलावंताला 'आर्टिस्ट' म्हणण्याची रीत गावापर्यंत आली आहे. ती येण्याचे कारण मुलांची बेफिकिरी नव्हे. जो पैसे देतो तो त्या नावाने देतो, हे आहे. स्कॉपच्या बाबतीत हेच झाले होते. त्यामुळे 'इव्हेंट'खाली तांबडी रेघ ओढून 'बतावणी' परत येणार नाही. बतावणी रंगविणारा सोंगाड्या जगला, तर शब्दही जगेल. तो गेला, की शब्द कोशात जाऊन पडेल, आणि कोशातला शब्द म्हणजे पेटीत घडी घालून ठेवलेले लुगडे: असते, पण कोणी नेसत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. याचा आनंद सर्वांनाच आहे. परंतु त्या दर्जाचा अर्थ केवळ प्राचीन ताम्रपट आणि शिलालेख एवढाच घेतला, तर तो अपुरा ठरेल. मुकुंदराजांच्या अंबाजोगाईचा वारसा सांगणाऱ्या या जिल्ह्यात भाषेचे जे जिवंत धन आहे, ते हलगी, संबळ, डफ, ढोलकी वागविणाऱ्या हातांत आणि ओव्या म्हणणाऱ्या कंठांत आहे. ते टिपून ठेवण्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाटोद्यासारख्या तालुक्यातील प्रत्येक शाळेने आणि महाविद्यालयाने उन्हाळ्याच्या सुटीत एवढेच करावे: विद्यार्थ्यांना वह्या द्याव्या, आणि आपल्या गावातील वाजंत्री, गोंधळी, भजनी, तमासगीर यांच्या तोंडचे शब्द अर्थासह लिहून आणावयास सांगावे. वाद्याच्या प्रत्येक भागाचे, प्रत्येक ठेक्याचे, प्रत्येक सोंगाचे नाव. शब्द अरबी की संस्कृत याची चौकशी नंतर करता येईल. तो सांगणारा माणूस नंतर भेटेलच असे नाही. शिवाय अशी वही उद्या एखाद्या वृद्ध कलावंताच्या अर्जाला जोडता आली, तर ती त्याच्या कलेची साक्षही ठरेल. शिक्षकांनी तांबडी शाई एवढ्या कामापुरती बाजूला ठेवावी. आणि ज्या विद्यार्थ्याचे आईबाप वर्षातील पाच-सहा महिने उसाच्या फडात असतात, त्याने घरून आणलेला शब्द वर्गात प्रथम वाचून दाखवावा. आपल्या घरच्या बोलीला वर्गात किंमत आहे, हे ज्या मुलाला कळते, त्याला पुस्तकाची भाषा शिकविणे कठीण जात नाही.

शेवटी पुन्हा एका उसन्या शब्दाकडेच यावे लागते. गवयाची तान पसंत पडली की आपण 'दाद' देतो, आणि अन्याय झाला की न्यायालयात 'दाद' मागतो. शब्द एकच आहे. फारसीत त्याचा मूळ अर्थ 'न्याय'. कलेची कदर करणे आणि कलावंताला न्याय देणे या दोन गोष्टी एकाच शब्दात सांगण्याची सोय या परक्या पाहुण्याने आपल्या भाषेत करून ठेवली आहे. आपण मात्र त्यातील पहिला अर्धा अर्थ तेवढा वापरला. टाळ्या वाजविल्या, 'वन्स मोअर' दिला आणि घरी निघून गेलो. राहिलेल्या अर्ध्या अर्थाची बाकी अजून देणे आहे. ती चुकती होईपर्यंत डफ आपला की परका हा वाद घालण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.